घडीतला रविवार

१

दर शुक्रवारी दुपारचा चहा झाला की भूपेंद्र सर स्टुलावर चढत आणि तारखांच्या पट्टीला घडी घालत.

पट्टी त्यांनीच बनवलेली. कॅलेंडरची पानं कापून, तारखा एकापुढे एक डिंकानं चिकटवून लांबच लांब कागद केलेला, आणि तो जळगावच्या नव्या पेठेतल्या त्यांच्या संस्थेच्या त्या एकुलत्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर टांगलेला. शनिवार-रविवार आला की सर तेवढा कागद मागे दुमडत, साडीची निरी घालावी तसा. दुमड अंगठ्याच्या नखानं करकरून दाबत आणि वर टाचणी मारत. मग समोरून बघावं तर शुक्रवारला सोमवार चिकटलेला. मधे काहीच नाही.

"सरकारशी भांडायचंय ना? मग सरकारचे दिवस मोजायला शिका," ते स्टुलावरूनच म्हणत. "बाकीचे दिवस देवाचे. ते त्याला मोजू द्या."

नूतनला हे ऐकताना दर वेळी उभारी येई. ती स्वतः धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात वाढलेली. दहावीनंतर वडिलांनी तिचं लग्न ठरवलं तेव्हा हेच सर तिच्या घरी आले होते आणि वडील 'शिकू दे' म्हणेपर्यंत दिवसभर अंगणात बसून राहिले होते. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून सरांचा शब्द नूतनसाठी शेवटचा. कॉलेज झालं, नोकरी नाकारली, सरांच्या संस्थेत आली.

आणि आता त्याच वसतिगृहाची नोटीस तिच्या हातात होती. इमारत दुसऱ्या कामाला हवी आहे. मुलींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या वसतिगृहात सामावून घेऊ. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत धुळ्याच्या कार्यालयात द्या. सामावून घेऊ! मुली तिकडे जाणार नाहीत, घरी जातील, आणि घरी गेल्या की संपलं, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार. नववीतल्या रूपाच्या बापानं तर सांगूनच टाकलं होतं, वसतिगृह बंद झालं तर येत्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेलाच, पोरीचे हात पिवळे.

"पंधरा दिवस म्हणजे कोणते, सर?"

"कामकाजाचे. दुसरे कोणते?" सरांनी नख ओढलं. "शिवाय श्रावणातल्या कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारची सुट्टी आहे. वेळ भरपूर आहे. तू गावोगाव जा, पालकांच्या सह्या आण. घाईनं अर्धवट अर्ज दिला की त्यांना तो फेकायला बरं."

पटण्यासारखं होतं. सरांचं सगळंच पटण्यासारखं असे.

टाचणी कागदात शिरली. नूतननं रिकामे कप उचलले आणि ती घरी गेली.

२

सोमवारी सकाळी गजर झाला तेव्हा खोलीत आंबूस वास होता.

ओट्यावरची मटकी. शुक्रवारी रात्री भिजत घातलेली. शनिवारी उसळ करायची म्हणून. आता तिला बोटभर लांब मोड आले होते आणि भांड्याच्या कडेनं फेस धरला होता. नूतन भांडं हातात घेऊन उभी राहिली. शनिवारी मी उसळ का केली नाही?

तिनं आठवून पाहिलं. शुक्रवारी रात्री उशीवर डोकं टेकलं, एवढं आठवत होतं. मग हा गजर.

असं होतं, ती स्वतःला म्हणाली. दमलं की माणूस दोन दिवस लोळून काढतो, आणि लोळलेले दिवस कुणाच्या लक्षात राहतात? मागच्या रविवारी काय केलं होतं? तेही आठवेना. त्याच्या मागच्या? हे मात्र तिला जरा लागलं. पण मटकी फेकून, भांडं घासून ती कामाला लागली.

घासताना उजव्या हाताची तर्जनी चुरचुरली. बोटावर एक बारीक, सरळ रेघ होती. पात्याच्या कडेनं कापल्यासारखी.

खाली घरमालकीण कोकिळाकाकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. कानबाई जवळ आलेली, त्यांच्याकडे सगळे भाऊबंद जमायचे, म्हणून पंधरवडाभर आधीपासून त्यांचे हात रिकामे नसत.

"काल कसली गं एवढी लगबग? हाक मारली तर वळून बघितलं नाहीस."

"काल? मी कुठे गेले होते?"

"आता हे मला विचार!" काकू हसल्या. "स्टँडकडे चालली होतीस. हिरवी ओढणी, एकदम छान विंचरलेली वेणी. मी म्हटलं, पोरीला कुणी बघायला येणार की काय!"

नूतनही हसली. हसायलाच हवं होतं. वर जाऊन तिनं दोरीवर पाहिलं, कपाटात पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. तिची हिरवी ओढणी कुठेच नव्हती.

३

आठवडाभर तिनं साक्रीकडची गावं पालथी घातली. एसटी, मग वडापची जीप, मग पायी. बरेच बाप शेतावर, आया मजुरीला. भेटले त्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. बाकीच्यांना ती सांगून आली की रविवारी पोरीला भेटायला याल तेव्हा वसतिगृहावरच सही द्या, तिथल्या स्वयंपाकीण भागाअक्का कागद ठेवून घेतील. शुक्रवारी सरांनी पट्टीला पुढची घडी घातली, आणि पुन्हा तसंच झालं. उशी, आणि मग सोमवारचा गजर. या वेळी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. तिला बरं वाटलं. कारण मिळालं की बरं वाटतंच.

बुधवारी ती धुळ्याला वसतिगृहात गेली. दुपारची वेळ, मुली शाळेत. लांब व्हरांडा, निळ्या दारांच्या खोल्या, टोकाला वर जाणारा दगडी जिना. वरचा मजला गळतो म्हणून कित्येक वर्षं रिकामा. स्वयंपाकघरात भागाअक्का भाकरी थापत होत्या. नूतन लहान असताना त्याच भाकरी थापत होत्या.

"अक्का, कशा आहात?"

अक्कांनी वर पाहिलं आणि भुवया उडवल्या. "आते बोलनी का? रविवारले उनी तवय तोंड शिवी लिधं व्हतं!"

"रविवारी? मी नव्हते आले, अक्का."

"मन्हा डोया म्हातारा शेतस, फुटेल नहीत," अक्का म्हणाल्या. "दोन्ही रविवार उनी तू. बठ्ठ्या खोल्या मोजी गयी. ती टेप लई. सर्र करी खेची, टक करी सोडी. मी म्हंतं, मोजी काय राहिनी पोर? तू नुसती हासनी."

तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. नूतननं आपली तर्जनी मुठीत लपवली. का लपवली, ते तिलाही कळलं नाही.

शाळा सुटली आणि रूपा आली. दप्तर खांद्यावर, रिबिन सुटलेली. नेहमी धावत येऊन बिलगणारी पोर दारातच थांबली आणि तिच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"काय गं? ओळखलं नाहीस?"

"ओळखलं ना." रूपा जवळ आली, तरी हातभर अंतर ठेवूनच. "आज तू रविवारसारखी नाहीस, ताई."

४

"म्हणजे सुट्टीतही काम करतेस! पगार वाढवावा लागणार," भूपेंद्र सर म्हणाले आणि पोट हलेपर्यंत हसले.

"सर, हसू नका. मला दोन्ही शनिवार-रविवार आठवत नाहीत. आणि तिकडे सगळे म्हणतात, मी आले होते."

"भागाबाईला काल काय खाल्लं ते आठवत नाही. आणि ती पोर! तिला तू रोज हवी असतेस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताण आला आहे तुला. एक सांगू? घडीत काय गेलं याचा विचारच करायचा नाही. विचार केला की कामाचे दिवससुद्धा मळतात."

"मग अर्ज आत्ताच देऊन टाकते. ज्या सह्या आहेत त्यांच्यावर."

"आणि पुढचा आठवडा रिकामा बसू?" सर मायेनं म्हणाले. "बाळा, मी किती वर्षं करतोय हे?"

तिनं अर्ज पिशवीत परत ठेवला. शुक्रवारचा चहा आला. या वेळी घडी मोठी होती. शनिवार, कानबाईचा रविवार आणि सुट्टीचा सोमवार. सरांनी तीन तारखांची निरी घातली, नख ओढलं, टाचणी मारली, पिशवी काखेत मारली आणि निघाले. जिन्यावरून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं.

नूतन कुलूप लावणार होती. हातात किल्ली होती.

खोलीत पंखा बंद, रस्त्यावर नेहमीचा गलका. तरी त्या गलक्याच्या आतून तिला दुसरंच काहीतरी ऐकू आलं. सर्रर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग टक.

शेजारच्या दुकानात पत्रा मोजत असतील. ती खिडकीशी गेली. तिथे आवाज कमी झाला. दाराशी गेली, तिथेही कमी. दोरीखाली येऊन उभी राहिली, टाचा उंचावल्या आणि त्या नव्या घडीला कान लावला.

सर्रर्र. टक. आणि कुणाचा तरी श्वास. मन लावून काम करणाऱ्या माणसाचा चालतो तसा, संथ.

तिनं टाचणी उपटली. एकच नाही, सगळ्या. घड्या पटापट सुटल्या आणि पट्टी लांबत गेली, लोंबत फरशीला टेकली. कामाचे दिवस कोरेकरकरीत होते, कालच छापल्यासारखे. आणि आत दुमडलेले शनिवार-रविवार पार मऊ पडले होते. कडा काळवंडलेल्या, मधे बोटांच्या तेलाचे डाग, जुन्या नोटेसारखी लव आलेली. कुणीतरी ते सतत वापरत आल्यासारखे. नव्या घडीतले तिन्ही दिवससुद्धा तसेच होते. ते तर अजून यायचे होते.

तिनं पट्टी तशीच उघडी सोडली, कुलूप लावलं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

५

शनिवार आला, आणि तो तिच्याच वाट्याला आला. तिनं उसळ केली. ती खाल्ली. संध्याकाळी मेहरूण तलावावर जाऊन पाण्याकडे पाहत बसली. रविवारी कोकिळाकाकूंकडे कानबाई बसली; चौरंगावर साज चढवलेला नारळ, नथ, बांगड्या, आणि घरभर गाणाऱ्या बाया. प्रसादाच्या रोटांना तिनं हात लावला नाही, ते भाऊबंदांचे. पण गंगाफळाची, लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर काकूंनी आग्रहानं वाढली. सगळं आठवत होतं, घासन् घास. एवढंच तर होतं! रक्त कमी होतं, गोळ्या लागू पडल्या. सरांच्या पट्टीच्या टाचण्या उगाच उपटल्या म्हणून तिला लाजसुद्धा वाटली.

सोमवारी सकाळी विसर्जनाची वाजंत्री गल्लीत आली. नूतननं गॅलरीतून वसतिगृहाला फोन लावला. काल भेटीचा रविवार होता. पालकांच्या राहिलेल्या सह्या झाल्या का, तेवढं विचारायचं होतं.

"सह्या?" वाजंत्रीच्या वरताण अक्का ओरडल्या. "त्या तर कालदिन तूच लिई लिध्यात ना! समदा कागद तुन्हा हातमा दिधात मी!"

"अक्का, मी काल जळगावात होते. घरी. पूर्ण दिवस."

"काय सांगी राहिनी तू! रातले वरला मजलावर झोपनी व्हती. आते तर भूपेंद्र सरससंगे रिक्षामा बसनी." फोनमधून अक्कांचा श्वास ऐकू येत होता. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "पोरी... तू कथाईन बोली राहिनी?"

कुठून बोलते आहे? नूतननं खाली पाहिलं. काकू कानबाई डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. बाया फुगड्या घालत होत्या. ती इथे होती. कठडा हाताला गार लागत होता. ती इथेच होती.

पिशवीत अर्ज कायमच असायचा. ती उचलून तिनं स्टँड गाठला. दुकानांची शटरं खाली, रस्ते मोकळे, गल्लीगल्लीत गुलाल. एरंडोल गेलं, पारोळा गेला. गाडी धुळ्यात शिरली तेव्हा ती खिडकीला नाक लावून बसली होती, आणि आधी तिला नुसतं विचित्र वाटलं, काय विचित्र ते कळेना. मग कळलं. गणवेशातली पोरं शाळेत चालली होती. सरकारी कचेरीचं दार उघडं होतं.

"आज सुट्टी नाही इथे?" तिनं रिक्षावाल्याला विचारलं.

"कसली हो ताई?"

"कानबाईची. सरकारी."

"ती तुमच्या जळगावला! आमच्याकडची चैत्रातच यात्रेला देऊन टाकली. ज्याच्या त्याच्या कलेक्टरची मर्जी." त्यानं आरशातून पाहिलं. "आमची कानबाई हाफ डे टाकून बोळवतो आम्ही."

नूतननं बोटं मोजायला घेतली. डोक्यात पट्टी उलगडत होती, घडीशिवाय. नोटिशीवर फक्त पंधरा दिवस लिहिलं होतं. कामकाजाचे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं; ते सर म्हणाले होते. साधे पंधरा दिवस मोजले तर शेवटचा दिवस परवाचा शनिवार. शनिवारी कार्यालय बंद, म्हणून मुदत पुढच्या उघड्या दिवसावर जाणार. धुळ्यातला पुढचा उघडा दिवस आज होता.

आणि सर आज सकाळीच धुळ्यात होते.

"दादा, जोरात घ्या," ती म्हणाली. "अजून मुदत आहे."

६

कार्यालयाच्या व्हरांड्यात झुलालनाना शिपाई स्टुलावर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि ते गोंधळून उठले.

"काही विसरलात का मॅडम?"

"मला आत जायचंय. वसतिगृहाची हरकत द्यायची आहे."

"पण..." नानांनी बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वसतिगृहवाल्या मॅडम तर आत आहेत. तुम्हीच... आत्ता मी स्वतः दार उघडून..." त्यांनी पुढचं गिळलं.

आतून बोलणं ऐकू येत होतं. एक बाई बोलत होती. घाई नाही, राग नाही, प्रत्येक वाक्य नीट पूर्ण करत. पटतंय असा कुणाचा तरी हुंकार मधेमधे येत होता. मुलींना दुसरीकडे जास्त सोयी मिळतील, असं काहीतरी ती म्हणत होती. खोल्यांची मापं सांगत होती. आवाज नूतनचा होता. फोनवर स्वतःचा आवाज परत ऐकला की नकोसा वाटतो, तसा तिला तो नकोसा वाटला. आणि त्याच वेळी मनात आलं, की इतकं शांत आपल्याला कधी बोलता आलं असतं?

नानांनी अडवायच्या आत तिनं दार ढकललं.

टेबलापलीकडे साहेब. खिडकीशी भूपेंद्र सर. मधली खुर्ची मागे सरकवलेली, रिकामी. टेबलावर अर्धा कप चहा, त्यातून वाफ येत होती, आणि शेजारी गुंडाळलेली पोलादी टेप. बाजूचं छोटं दार अजून हलत होतं.

"या, काय राहिलं?" साहेब म्हणाले.

"माझी हरकत घ्या. आज शेवटचा दिवस आहे."

"ताई, घेतली. ऐकली. आणि आत्ताच तुम्ही ती मागेही घेतलीत, पालकांच्या सह्यांनिशी. फार नेमकं बोललात. असं बोलणारी माणसं आम्हाला भेटत नाहीत हो."

"ती मी नव्हते!"

कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं. साहेबांनी सरांकडे पाहिलं.

"दमली आहे ती," सर हळुवारपणे म्हणाले. "सुट्टी अशी घेतच नाही."

ते तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. व्हरांड्यात ऊन होतं. ती सगळा धीर एकवटून म्हणाली, "आज इथे सुट्टी नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दिवस साधे होते. कामकाजाचे नव्हते."

"हो, नूतन."

ते खोटं बोलले असते तर ती भांडली असती.

"ती इमारत जाणारच होती. दोन वर्षं कोर्टात भांडून, तुझी सगळी उमेद खाऊन गेली असती. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस." त्यांनी चष्मा पुसला. "ती समजूतदार आहे. सांगितलं की ऐकते."

"कोण ती?"

सोपं गणित अडलेल्या मुलीकडे बघावं तसं सरांनी तिच्याकडे पाहिलं. वसतिगृहात ते तिला गणितच शिकवायला येत.

"तुझेच दिवस आहेत ते, बाळा," ते म्हणाले. "तू टाकलेले."

ते आत गेले आणि दार लागलं. नूतनला ते अंगण आठवलं. पाणीही न घेता तिच्यासाठी दिवसभर बसलेला तो माणूस. वडील घरी होते, शाळेला सुट्टी होती. तो रविवार होता. सरांनी तिच्यासाठी मोजलेला.

७

वसतिगृहाच्या व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. दोऱ्या बांधून तयार. मुली आत कुठेतरी कुजबुजत होत्या. शेवटच्या पेटीवर रूपा बसली होती. तिची वेणी घट्ट, नीटस घातलेली. शेवटाला हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली.

नूतन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि पेटीची दोरी सोडायला लागली. "हे सोड आधी. काही संपलेलं नाही. मी नाशिकला जाते, वरच्या साहेबांकडे. आजच जाते."

"तूच बांधायला सांगितलंस, ताई."

"ती मी नव्हते, रूपा."

"माहितीये."

नूतनचे हात थांबले. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं मानलं होतं. तिला रडू येईलसं झालं.

"माहितीये तुला?"

"पहिल्याच रविवारी कळलं." रूपा पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. "तिनं माझे केस विंचरले. मग नुसती बसली, दुपारभर. तू अशी कधी बसत नाहीस. तू बुधवारी येतेस. सह्या घेतेस, फोन बघतेस, गाडी चुकेल म्हणतेस."

"मी तुमच्यासाठीच तर पळते गं!"

"हो ना." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. "पण भेटीचा दिवस रविवार असतो, ताई. सगळ्यांचं कुणी ना कुणी येतं. माझं येत नाही. तुला किती वेळा सांगितलं मी. तू म्हणायचीस, रविवारी ऑफिस बंद असतं."

"तिनं तुम्हाला फसवलंय. वसतिगृह तिनं घालवलं. तुझं लग्न लावतील, रूपा, कळतंय का तुला?"

"कळतंय," रूपा म्हणाली. "पण ती आली."

वर, रिकाम्या मजल्यावर आवाज झाला. सर्रर्र. टक.

मग पावलं. सावकाश, खोलीच्या एका टोकापासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत. रूपा उठली. तिनं पेटीची कडी धरली. नूतननं तिचं मनगट पकडलं.

"कुठे नेणार आहे ती तुला?"

"विचारलं नाही."

"रूपा," वरून हाक आली. नूतनचाच आवाज. पण त्यात वेळ होता, कितीतरी. त्या एका हाकेत एक अख्खी दुपार मावली असती.

रूपानं हळूच, दुखू नये अशा बेतानं, मनगट सोडवून घेतलं आणि ती जिन्याकडे निघाली. पेटी पायरीपायरीवर आपटत गेली. जिन्याच्या वळणावर कठड्यावरून हिरव्या ओढणीचं टोक खाली लोंबलं. त्याच्यामागून एक हात पुढे आला, पेटी घ्यायला. उजवा हात. तर्जनीवर बारीक, सरळ रेघ.

नूतन धावली. पहिली पायरी, दुसरी पायरी. आणि मग अगदी कानाशी, कागदावरून नख ओढल्याचा आवाज आला. करकरीत. व्हरांड्याचं ऊन एकदम पातळ झालं. पाठीमागची भिंत पाठीला लागली. भिंत तर दहा पावलं मागे होती. समोरचा जिना कागदाच्या कडेसारखा अंगाला येऊन भिडला. तिनं ओरडायला तोंड उघडलं. खालून अक्कांच्या परातीची खळखळ ऐकू येत होती, मुलींची कुजबुज ऐकू येत होती, तिचं ओरडणं मात्र ऐकू आलं नाही.

वळणावर रूपा थांबली आणि तिनं मागे वळून पाहिलं. तिची नजर खाली आली, जिन्यावर आली, नूतनपर्यंत आली. आणि थांबली नाही. शुक्रवारवरून सोमवारवर जावी तशी ती नजर पुढे निघून गेली.